गावात मानसिक आरोग्याचा कार्यक्रम कसा करायचा: वर्षभराचे दिवस, परवानग्या, सामान आणि नंतरची कामं

सप्टेंबर संपत आला की फोन सुरू होतात, ताई दहा ऑक्टोबरला मानसिक आरोग्य दिन आहे, काहीतरी करायचंय, बॅनर छापायला टाकलाय, एखादा डॉक्टर मिळवून द्या. तोपर्यंत जिल्ह्यातले मनोविकारतज्ज्ञ त्या आठवड्यात कुठे ना कुठे ठरलेले असतात, मग धावपळ होते, कोणीतरी पाहुणा येतो, मानसिक ताण या विषयावर तासभर बोलतो, श्रीफळ घेतो आणि जातो. ज्या घरात खरंच माणूस आजारी आहे ते घर तिथे आलेलंच नसतं.

मी दापोली तालुक्यात बचत गटांबरोबर काम करते, आमच्या स्वतःच्या घरात स्किझोफ्रेनिया (भास होणं, संशय येणं असा मनाचा आजार) आहे, दीर आहेत, गोळ्या चालू आहेत आणि आता ते बागेचं काम बघतात. त्यामुळे हा विषय मला फार जवळचा आहे. पहिल्यांदा कार्यक्रम करणाऱ्या शिक्षकांना, आशाताईंना, मंडळाच्या पोरांना एका जागी सगळं मिळावं म्हणून लिहितेय. दापोली-मंडणगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत साधारण हेच चालेल, गावाप्रमाणे थोडा फरक करा.

एक गोष्ट सगळ्यात आधी. कार्यक्रमानंतर माणसाने कुठल्या दिवशी, कुठल्या दवाखान्यात, कोणाला भेटायचं हे ठरल्याशिवाय तारीख जाहीर करू नका. खाली जे काही सांगतेय ते सगळं त्याच्यासाठीच आहे.

१. वर्षातले दिवस आणि आपल्याकडचे महिने

नेटवर बघाल तर जवळजवळ प्रत्येक महिन्यात कसला ना कसला दिवस आहे. सगळे करायला जाऊ नका, वर्षाला दोन किंवा तीन पुरे. पण कुठले, ते गावाच्या कामाच्या हिशोबाने ठरवा, कारण लावणीत वाडीवर माणूस सापडत नाही आणि शिमग्यात भाषण ऐकायला कोणी बसत नाही.

फेब्रुवारी-मार्च हा परीक्षांचा काळ. दहावी-बारावीच्या पोरांसाठी काही करायचं तर जानेवारीतच करा, परीक्षेच्या तोंडावर नको. आणि पोरांपेक्षा पालकांना बोलवा, जास्त गरज तिथे असते. ३० मार्च हा जागतिक बायपोलर दिन (मन कधी खूप वर, कधी खूप खाली जातं तो आजार), २ एप्रिल ऑटिझम जागरूकता दिन. ऑटिझम हा मानसिक आजार नाहीये, मुलाच्या वाढीशी जोडलेली गोष्ट आहे, पण त्या दिवशी अंगणवाडीत कार्यक्रम घेतलात तर बोलत नाही, नजर देत नाही अशा लहान मुलांच्या आया पुढे येतात आणि मूल लवकर तपासलं जातं. ७ एप्रिलला जागतिक आरोग्य दिन असतो, २०१७ साली त्याचा विषयच डिप्रेशन होता.

एप्रिल-मे आंब्याचा. बागायतदार, पेट्या भरणारे, बागेत राखणीला असलेले नेपाळी कामगार, कोणालाच फुरसत नसते. तरी मे महिना मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण चाकरमानी घरी आलेले असतात. गावात औषधपाण्याचा, डॉक्टरकडे न्यायचा निर्णय बऱ्याच घरात मुंबईतला मुलगा किंवा भाऊ घेतो, पैसे त्याच्याकडून येतात. एरवी फोनवर त्याला "बरं आहे" एवढंच सांगितलेलं असतं, सुट्टीत तो स्वतःच्या डोळ्यांनी बघतो की भाऊ महिनोन् महिने आंघोळ करत नाहीये, एकटाच बडबडतोय. २४ मे ला जागतिक स्किझोफ्रेनिया दिन आहे. आमच्याकडचा सगळ्यात उपयोगी कार्यक्रम हाच, देवळाच्या सभामंडपात संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. बारावीचा निकालही त्याच सुमारास असतो, त्या दिवसात घरातल्या पोरांवर लक्ष ठेवा हे तिथेच सांगून टाका.

(मे मध्ये हिरव्या रिबिनीच्या पोस्ट खूप फिरतात, मानसिक आरोग्य महिना म्हणून. तो अमेरिकेत १९४९ पासून पाळतात. आपण पाळायला हरकत काहीच नाही, पण गावात जागतिक दिन म्हणून सांगू नका, जागतिक दिन १० ऑक्टोबरचा.)

जून-जुलै मध्ये गावाचे दोन भाग पडतात. शेतीच्या वाड्यांवर पेरणी, लावणी, बाया सकाळी चिखलात उतरतात त्या अंधार पडल्यावर घरी, तिकडे अजिबात कार्यक्रम ठेवू नका. पण बंदरावर उलटं असतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, हर्णै असो नाहीतर दाभोळ, माणसं जाळी विणत बसलेली असतात, रोजची कमाई थांबलेली आणि बोटीच्या कर्जाचे हप्ते मात्र थांबत नाहीत. दारू याच दोन महिन्यांत वाढते, घरातली भांडणंही. २६ जूनला अमली पदार्थविरोधी दिन असतो, तो मच्छीमार सोसायटीला धरून बंदरावर करा. पुरुष एवढे निवांत पुन्हा कधी भेटायचे नाहीत. व्यसनमुक्तीचा सरकारी हेल्पलाइन नंबर १४४४६, तो तिथे द्या.

पावसाळ्याचं आणखी एक. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला पूर आला, त्याच दिवशी महाडजवळ तळिये गावावर दरड कोसळली. त्याच्या आधीच्या वर्षी ३ जूनला निसर्ग वादळ आपल्यावरून गेलं, झाडं गेली, कौलं गेली, पन्नास वर्षांच्या बागा आडव्या झाल्या. त्या भागात आजही मोठा पाऊस लागला की काही माणसं रात्रभर जागी असतात, सामान माळ्यावर चढवत बसतात. तुमचं गाव असं असेल तर तो दिवस जवळ आला की नुसतं वाडीत जाऊन बसा, भाषण नको, लोक आपणहून बोलतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ च्या मानसिक आरोग्य दिनाला आपत्ती आणि आणीबाणीतलं मानसिक आरोग्य हाच विषय घेतला होता, म्हणजे अर्जात लिहायला आधारही आहे.

१० सप्टेंबर, आत्महत्या प्रतिबंध दिन, २००३ पासून पाळतात. हा कधी गणपतीच्या आधी येतो, कधी गणपतीत, कधी नंतर. तारखेचा हट्ट धरू नका. गणपतीत सगळं गाव घरी असतं, मंडळाचा मंच तयार असतो, माईक असतो, रात्री भजनं आणि जाखडी (आपला गाण्याचा नाच) असते. आरतीनंतर दहा मिनिटं मागा, मिळतात. शाहीर ओळखीचे असतील तर त्यांना या विषयावर एक गाणं बांधायला सांगा, लोक भाषण विसरतील पण जाखडीतलं कवन पाठ होतं. फक्त त्यांना आधीच विनंती करा की हसवण्यासाठी वेड्याचं सोंग आणू नका.

२१ सप्टेंबर अल्झायमर दिन. कोकणात घराघरात म्हातारी माणसंच उरलीत, त्यामुळे हा दिवस आपल्याकडे खरं तर मोठा व्हायला हवा. चूल पेटती ठेवून विसरणं, ओळखीच्या पायवाटेवर रस्ता चुकणं, सुनेवर चोरीचा आळ घेणं, हे सगळं वयानुसार होतंच म्हणून घरचे सोडून देतात. ते तपासून घ्यायला हवं, काही वेळा थायरॉइड किंवा बी-१२ कमी झाल्यानेही असं होतं आणि ते औषधाने सुधारू शकतं. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

१० ऑक्टोबर हा मुख्य दिवस, १९९२ पासून, वर्ल्ड फेडरेशन फॉर मेंटल हेल्थने सुरू केलेला. आपल्याकडे त्या सुमारास भातकापणी असते, म्हणून गावात संध्याकाळी आणि शाळा-कॉलेजात सकाळी असं धरा. ३ डिसेंबरला दिव्यांग दिन असतो, त्याचं शेवटच्या मुद्द्यात सांगते.

आणि हे सगळं जमत नसेल तर ग्रामसभा आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. सरपंचांना आधी भेटून विषयपत्रिकेत पाच मिनिटं घाला, एक पैसा खर्च नाही.

२. कोणाला भेटायचं

दीड-दोन महिने आधी सुरुवात करा. पहिली भेट आशाताईंची, कारण कुठल्या घरात काय आहे ते त्यांना माहीत असतं आणि त्या घरातली बाई त्यांच्याशीच बोलते. मग प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, त्यांच्यामार्फत तालुका आरोग्य अधिकारी.

खरी टीम जिल्हा रुग्णालयात असते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून आहे, त्यात मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक, नर्स अशी माणसं असतात आणि गावात जाऊन जनजागृती करणं, शाळेत बोलणं हे त्यांच्या कामातच धरलेलं आहे. म्हणजे आपण उपकार मागत नाही आहोत. अर्ज जिल्हा शल्य चिकित्सकांच्या नावाने करा आणि प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्या. तेव्हाच विचारून घ्या की ही टीम किंवा डॉक्टर आपल्या जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात कुठल्या वारी बसतात, तो वार तुमच्या बॅनरवर सगळ्यात मोठ्या अक्षरात यायला हवा.

रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, राज्यात अशी सरकारी चारच आहेत, ठाणे, पुण्यात येरवडा, नागपूर आणि आपलं रत्नागिरी. आपल्याकडे "रत्नागिरीला न्यायला लागणार" हे वाक्य शिवीसारखं वापरतात. कार्यक्रमात हे मुद्दाम बोला, की तिथे साधी ओपीडी असते, माणूस सकाळी जातो, डॉक्टरांना दाखवतो, गोळ्या घेतो आणि संध्याकाळच्या एसटीने घरी येतो, भरती फार थोड्यांना करावं लागतं. आमच्या दिरांना पहिल्यांदा नेलं तेव्हा सासूबाईंनी आठवडाभर जेवण सोडलं होतं, त्यांना वाटलं पोरगा आता परत येत नाही. तीच भीती बाकीच्या घरांतही आहे.

शाळेत करायचं असेल तर मुख्याध्यापक आणि गटशिक्षणाधिकारी. तालुका विधी सेवा समितीला पण एक पत्र द्या, मानसिक आजारी माणसांच्या हक्कांवर त्यांची शिबिरं असतात आणि वकील फुकट बोलायला येतात.

देवळाचे मानकरी, मोहल्ल्यात जमातीची मंडळी, मुंबई मंडळ (मुंबईतल्या गावकऱ्यांचं), यांना निमंत्रण घरी जाऊन द्या. आणि गावात भगत असेल तर त्याच्याशी वैर घेऊ नका. बहुतेक माणसं आधी गाऱ्हाणं घालतात, अंगारा लावतात आणि मग दवाखान्यात येतात, कधी येतच नाहीत. भगताला आदराने जाऊन सांगा, तुमचं तुम्ही करा, पण झोप गेली असेल, कानात आवाज येत असतील तर सोबत डॉक्टरला दाखवा एवढं त्यांना सांगा. काही ऐकतात. जो ऐकतो तो दहा बॅनरचं काम करतो. मात्र कोणी आजाऱ्याला बांधून ठेवत असेल, मारत असेल, उपाशी ठेवत असेल तर तिथे गप्प बसायचं नाही, साखळदंडाने बांधणं २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बंद आहे.

३. कागदपत्रं आणि सामान

– मंडळाच्या किंवा गटाच्या लेटरहेडवर अर्ज, तारीख, वेळ, जागा, अंदाजे माणसं, विषय, फोन नंबर. तीन प्रती, तुमच्या प्रतीवर पोच शिक्का नक्की घ्या.
– जागेची परवानगी: ग्रामपंचायत, देवस्थान किंवा शाळा, लेखी.
– लाऊडस्पीकर असेल तर पोलीस ठाण्यात अर्ज. रात्री दहाच्या आत आटपा.
– नंबरांच्या चिठ्ठ्या (याचं खाली सांगते).
– आशाताईंसाठी साधी वही, नोंदीला.
– एक बाजूची खोली किंवा पडवी, जिथे कोणाला एकट्याने बोलता येईल. हे सामानात धरा, बाकी काही राहिलं तरी चालेल.
– चहा, थोडा खाऊ.
– पावसाळा असेल तर इन्व्हर्टर किंवा बॅटरीवाला माईक, लाईट जाणारच.

चिठ्ठ्यांबद्दल. मोठे रंगीत पत्रक लोक घेतात आणि त्यात बोंबील बांधतात. आम्ही रेशनकार्डाच्या अर्ध्याएवढी जाड कागदाची चिठ्ठी करतो, त्यावर फक्त तीन ओळी: टेली मानस १४४१६, जवळच्या रुग्णालयाचं नाव आणि मनोविकार ओपीडीचा वार, आशाताईंचा नंबर. आकडे मात्र इंग्रजी छापा, मोबाईलवर असतात तसे, आज्यांना ते जुळवून दाबता येतात. वर मानसिक आजार, मनोरुग्ण असलं काहीही लिहू नका. बायका ती चिठ्ठी रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या कव्हरमध्ये सरकवतात, घरात कोणी बघितली तरी प्रश्न येत नाही, आणि वर्षाने सुद्धा ती तिथेच सापडते.

१४४१६ हा टेली मानसचा, म्हणजे फोनवर मानसिक आरोग्याचा सल्ला देणाऱ्या सरकारी सेवेचा नंबर, केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केला, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. कार्यक्रमाच्या आधी तो स्वतः लावून बघा, आधी भाषा निवडायला सांगतात, मग समुपदेशक बोलतात. स्वतः लावला असेल तरच लोकांना ठामपणे सांगता येतं की पलीकडून काय विचारतील. ज्या वाडीत रेंज नाही तिथे कुठल्या चढावर रेंज येते ते पोरांना विचारून तेही सांगा.

४. वक्ता आणि बोलणं

डॉक्टर आले तर उत्तम, पण त्यांना आधी फोन करून सांगा की वीस मिनिटं बोला आणि चाळीस मिनिटं प्रश्नांना ठेवा. स्लाइड नको. आपल्याकडे कोणी "मला नैराश्य आहे" म्हणत नाही. लोक म्हणतात हातपाय गळून जातात, छातीत धडधडतं, कशात जीव लागत नाही, डोक्यात मुंग्या चालतात, जेवण गोड लागत नाही, पहाटे तीनला जाग येते ती येतेच. वक्त्याला ही यादी द्या आणि इथूनच सुरू करायला सांगा, ऐकणारा लगेच मान हलवायला लागतो.

आकडे फार नकोत, एक पुरे. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय सर्वेक्षण केलं, त्यात दर शंभर प्रौढांमागे दहाच्या वर माणसांना त्या वेळी काही ना काही मानसिक आजार होता आणि त्यातल्या बहुतेकांना उपचार मिळत नव्हते. आपल्या वाडीत किती घरं आहेत ते मनात मोजा म्हणायचं, मग कोणाला हा मुंबई-पुण्याच्या लोकांचा आजार वाटत नाही.

औषधांचं नीट सांगायला लावा. गोळ्यांची सवय लागते, माणूस झोपूनच राहतो, हे सगळ्यांच्या मनात असतं. डिप्रेशनच्या गोळ्यांचा फरक पडायला काही आठवडे जातात, पहिल्या आठवड्यात काही वाटलं नाही म्हणून सोडायच्या नाहीत, आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंद तर अजिबात करायच्या नाहीत, कमी करायच्या त्या डॉक्टरांनीच. स्किझोफ्रेनियात गोळ्या मध्येच तोडल्या की आजार उलटतो, हे मी आमच्या घरात बघितलंय, शिमग्याच्या गडबडीत पंधरा दिवस गोळ्या गेल्या नाहीत आणि पुढचे तीन महिने आम्ही ते भरत होतो.

बरा झालेला माणूस स्वतः बोलायला तयार असेल तर त्याच्यासारखं काही नाही. पण त्याला आग्रह करायचा नाही, घरच्यांनी हो म्हटलं म्हणून नाही, त्याने स्वतः म्हटलं पाहिजे. आदल्या रात्री त्याने नाही म्हटलं तरी राग धरायचा नाही.

५. आत्महत्येबद्दल बोलताना

यात घाई करू नका, वाचून मगच स्टेजवर चढा.

गावात कोणी गेलेलं असेल तर त्याचं नाव, त्याची गोष्ट, कशी केली, कुठे केली, काहीही काढायचं नाही. त्याची आई समोर बसलेली असू शकते. पद्धत सांगणं तर कायमचं वर्ज्य, नाटुकल्यात दाखवणं सुद्धा. "एका गुणपत्रिकेमुळे जीव दिला" असं एकच कारण जोडू नका, कारणं नेहमी अनेक असतात, आणि ऐकणाऱ्या पोराला वाटतं की गुण कमी म्हणजे हाच रस्ता. भ्याड, पळपुटा, आईबापाचा विचार केला नाही, असले शब्द माइकवर येऊ देऊ नका. ज्याच्या मनात विचार चालू आहेत तो हे ऐकून तोंड आणखी घट्ट मिटतो.

पोलीस केस होईल ही भीती फार आहे, म्हणून घरचे दवाखान्यातच नेत नाहीत. २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ मध्ये म्हटलंय की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, त्याला उपचार आणि मदत द्यायची जबाबदारी सरकारची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंड संहितेच्या ३०९ कलमासारखं (आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा) सरसकट शिक्षेचं कलमही नाहीये. विधी सेवा समितीचे वकील आले असतील तर हे त्यांच्याच तोंडून येऊ द्या, लोक जास्त विश्वास ठेवतात.

आणि कार्यक्रमात कोणी जवळ येऊन म्हणालं की जगावंसं वाटत नाही, तर:

त्याला बाजूच्या खोलीत न्या, बसवा, पाणी द्या. सरळ विचारा, मरण्याचे विचार येतात का, काही ठरवलंय का. विचारल्याने ते डोक्यात भरत नाही, हे डॉक्टरही सांगतात, उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. मध्ये उपदेश नको, मुलांकडे बघ म्हणू नका. एकटं सोडू नका. डॉक्टर हजर असतील तर लगेच त्यांच्याशी गाठ घाला, नसतील तर तिथूनच १४४१६ लावून द्या. घरातलं विश्वासाचं माणूस कोण ते त्यालाच विचारा आणि त्याच्या मर्जीने त्या माणसाला बोलवा, धोक्याच्या वस्तू घरातून लांब ठेवायला त्यांना सांगा. आत्ताच काही करेल असं वाटलं तर १०८ किंवा ११२, मग गुपित पाळण्याचा प्रश्न येत नाही. मूल असेल तर १०९८, मुलांची हेल्पलाइन, सुद्धा.

एवढं करायला समुपदेशक असायची गरज नाही. पण स्वतः समुपदेशक होऊ नका, आपलं काम त्याला पुढच्या माणसापर्यंत हाताने पोचवणं.

६. प्रत्यक्ष त्या दिवशी

दीपप्रज्वलन, सत्कार, प्रास्ताविक हे पंधरा मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका. पुढाऱ्यांना वेळ आधी सांगून ठेवा. प्रश्न चिठ्ठीवर लिहून घ्या, नाव न घालता, डब्यात टाकायला सांगा, ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी आशाताई फिरतील. बायकांचे प्रश्न फक्त असेच येतात.

आणि कार्यक्रम संपला की चहा लगेच, डॉक्टरांना गाडीत बसवायची घाई नको. खरं काम चहाच्या वेळी होतं. मागच्या एका कार्यक्रमात सगळे उठले तरी एक काकी खांबाला टेकून उभ्या होत्या, कप तसाच हातात, साय धरलेली. डॉक्टर शेजारी आले तेव्हा म्हणाल्या, आमच्या शेजारच्या बाईला झोप लागत नाही हो, घरधनी गेल्यापासून, काय करावं तिने. डॉक्टरांनी तिला काय त्रास होतो ते सगळं विचारलं, काकींनी सगळं सांगितलं, शेवटी वार विचारला आणि चिठ्ठी घेऊन गेल्या. शेजारची बाई कोण ते कोणी विचारलं नाही. विचारायचंही नाही. दुसऱ्या आठवड्यात ओपीडीला काकी स्वतःच आल्या होत्या.

७. फोटो, बातमी, स्टेटस

इथे नवीन मंडळी हमखास फसतात. मंचाचा फोटो काढा, बॅनरचा काढा, समोर बसलेल्या लोकांचे चेहरे दिसतील असा काढायचा असेल तर आधी माइकवरून सांगा आणि नको म्हणणाऱ्याला मागे बसू द्या. डॉक्टरांशी बाजूला बोलणाऱ्याचा फोटो कधीच नाही, पाठमोरा सुद्धा नाही, गावात माणूस पाठीवरून ओळखतात. उपचार चालू असलेल्या माणसाचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना द्यायला कायद्यानेही बंदी आहे. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "अमुक इतके मनोरुग्ण तपासले" असं लिहू नका, छोट्या गावात लोक लगेच घरं मोजायला लागतात. शिबिराला "मनोरुग्ण तपासणी" असं नावही देऊ नका, झोप, ताण, व्यसन आणि विसराळूपणा यासाठी सल्ला असं लिहिलंत तर माणसं येतात.

८. नंतरचे तीन महिने

आशाताईंच्या वहीत फक्त एवढंच: घर, कोणाला भेटायचंय, ओपीडीला गेले का, पुढची तारीख. आजाराचं नाव नको. ही वही आशाताईंकडेच राहील, मंडळाच्या कपाटात नाही.

पहिल्यांदा ओपीडीला जाणाऱ्या घराबरोबर कोणीतरी जा. आधार कार्ड, आधीचे कुठलेही कागद, चालू असलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं (बीपी-शुगरच्या सुद्धा), आणि त्रास कधीपासून, झोप किती, खाणं किती, दारू किती हे एका कागदावर लिहून. रोजचं बघणारं माणूस सोबत हवं, मुंबईहून काल आलेला मुलगा एकटा पुरत नाही. गोळ्या सरकारी रुग्णालयातून मिळतात, पण एखादी नसेल तर बाहेरून घ्यावी लागते, तेव्हा त्या घराच्या एसटीच्या आणि औषधाच्या पैशाची सोय गटातून होईल का ते आधीच बघून ठेवा, बरीच घरं तिसऱ्या फेरीला याच कारणाने गळतात.

आता ३ डिसेंबरचं. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यात मानसिक आजारही आहे. दीर्घकाळ आजारी असलेल्या माणसाला यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) मिळू शकतं, चाळीस टक्के किंवा वर असेल तर बऱ्याच सवलती लागू होतात. अर्ज ऑनलाइन भरायचा, आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि उपचाराचे कागद लागतात, मग रुग्णालयात तपासणीला बोलावतात. म्हणूनच पहिल्या दिवसापासूनचे केसपेपर एका पिशवीत जपायला सांगा, चुलीच्या वर टांगलेल्या पिशवीत नाही, धुराने अक्षरं जातात. डिसेंबरच्या कार्यक्रमात भाषण न ठेवता नुसते हे फॉर्म भरून द्या, एक लॅपटॉप, एक स्कॅनर, रेंज असलेली जागा आणि दोन कॉलेजची पोरं एवढं बास.

तीन महिन्यांनी आशाताई, आरोग्य केंद्राचे डॉक्टर आणि तुम्ही असे तिघं बसून वही बघा, कोण गेलं, कोण मध्येच थांबलं, का थांबलं. जे थांबलेत त्यांच्या घरी पुढच्या आठवड्यात जाऊन या, मग पुढच्या दिवसाच्या तारखेसाठी जिल्हा रुग्णालयाला पत्र टाका.